धोक्याचा इशारा: कुठल्या देशात कसा वाजतो, आणि एवढी धडकी का भरते?

निशिगंध: अमेरिका आणि जपानमध्ये काही महिने राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी माहिती हवी आहे. अमेरिकेतला फोनवरचा इशारा अक्षरशः काळीज हलवतो. जपानी टीव्हीवरचा तेवढा अंगावर येत नाही. असं का? तो बंद करता येतो का? आणि रस्त्यावरचे भोंगे कसे ओळखायचे?

खर्जसप्तक: अमेरिकेत ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतात. फरक १०७ हर्ट्झचा, म्हणून आवाज सेकंदाला शंभरावर वेळा थरथरतो आणि कानाला खरखरीत लागतो. माणसाच्या किंकाळीतही अशीच खरखर असते. धडकी भरते ती मुख्यतः तिच्यामुळे. फोनवर आधी दोन सेकंदांचा लांब सूर, मग एकेक सेकंदाचे दोन, मध्ये अर्ध्या सेकंदाचा खंड. कंपनाचाही ठेका हाच, त्यामुळे ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही तो हाताला कळतो. टीव्हीवर त्याआधी तीनदा जी चिरचिर येते ती आपल्यासाठी नसतेच. संकटाचा प्रकार आणि भागाचा क्रमांक यंत्रांना कळावा म्हणून ती असते.

बंद करण्याबद्दल: हरवलेल्या मुलांचे आणि हवामानाचे इशारे सेटिंगमधून बंद करता येतात, राष्ट्रीय इशारा नाही. माझा आग्रह आहे की हवामानाचा चालूच ठेवा. टोर्नेडोत, म्हणजे जमिनीपर्यंत उतरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळात, हाताशी मिनिटंच असतात.

हिमरू: जपानमध्ये भूकंपाची पूर्वसूचना २००७ पासून सर्वांसाठी सुरू झाली. एनएचके या तिथल्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीवरची इशाऱ्याची धून तोरू इफुकुबे यांनी बांधली. श्रवणदोष असलेल्यांसाठी उपकरणं बनवणारे हे संशोधक. लक्ष वेधलं जावं, हालचाल करावीशी वाटावी, नेहमीच्या इशाऱ्यांत मिसळू नये, फार त्रासदायक किंवा फार आनंदी वाटू नये आणि कमी ऐकू येणाऱ्यांनाही पोचावी, अशा अटी घालून ती तयार झाली. घाबरून गोठलेला माणूस टेबलाखाली शिरत नाही, हे त्यांनी आधीच धरलं होतं. फोनवरचा आवाज मात्र वेगळा आणि बराच कडक आहे, दोन्ही आधी ऐकवून ठेवा.

वाजल्यावर धक्क्यापर्यंत काही सेकंद मिळतात. केंद्राजवळ तेही नाहीत. बाहेर धावायचं नाही, डोकं झाकून टेबलाखाली जायचं. भारतातून नेलेल्या फोनवर इशारा येईलच याची खात्री नसते, म्हणून ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप इंग्रजीत लावून द्या. अनेक गावांत संध्याकाळी खांबावरच्या कर्ण्यातून गाणं लागतं. त्याला घाबरायचं कारण नाही, कर्णे चालू आहेत ना याची ती रोजची तपासणी.

गस्तवाला: भोंग्यांबाबत सगळ्यात घातक घोटाळा सांगतो. आपल्या नागरी संरक्षणात चढउताराचा भोंगा म्हणजे धोका, सलग म्हणजे धोका टळला. ७ मे २०२५ च्या सरावाआधी हेच सगळीकडे सांगितलं जात होतं. जर्मनीत आणि फ्रान्समध्येही सलग म्हणजे सुटका. फ्रान्समध्ये तो ३० सेकंदांचा. पण अमेरिकेत टोर्नेडोचा इशारा बहुतेक ठिकाणी सलगच वाजतो! आपल्या सवयीने ‘झालं, टळलं’ म्हणून कुणी अंगणात आलं तर काय होईल? तिथे सलग भोंगा ऐकला की तळघर, नाहीतर सगळ्यात खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली. घरातली ती जागा पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा, आणि त्या गावात चाचणीचा भोंगा कुठल्या वारी, किती वाजता होतो ते फ्रिजवर लिहून लावा.