अशिलाचा राग मनाला लावून घ्यावा का?

अंत्रुजकर (फोंडा)

मी फोंड्याला दिवाणी वकिली करतो आणि माझ्याकडची बहुतेक प्रकरणे वारसाहक्काची, म्हणजे आपल्याकडे सर्रास ‘इन्व्हेंटरी’ (मृताच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटणे) म्हणतात त्या प्रकारची असतात. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने अशिलांच्या रोजच्या बोलण्याला कंटाळून हे काम सोडण्याचा विचार बोलून दाखवला. त्याला मी जे सांगितले ते इथे मांडतो, आणि ज्यांना ते पटत नसेल त्यांचे म्हणणे मला मनापासून ऐकायचे आहे. माझे मत असे आहे की अशिलाचा राग आपल्या दिशेने येत असला तरी तो बहुधा आपल्यामुळे आलेला नसतो, आणि तो मनाला लावून घेतला की पहिला फटका त्याच अशिलाच्या कामाला बसतो.

हा राग कुठून येतो ते पाहा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तेव्हापासून मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे, आणि आज मुले असताना आईवडिलांना मृत्युपत्राने निम्म्याहून अधिक मालमत्ता हव्या त्या माणसाला देता येत नाही. पतिपत्नींची मालमत्ता साधारणपणे सामाईक मानली जात असल्यामुळे वारसांबरोबर सुना आणि जावई यांनाही प्रकरणात सामील करावे लागते. २०१२ च्या गोव्याच्या वारसाहक्क आणि इन्व्हेंटरीविषयक कायद्यातही हीच चौकट आहे. पाच विवाहित भावंडे असली की दहा माणसांना नोटिसा जातात. त्यांतले दोघे मुंबईत, एखादा दुबईत, आणि एखाद्या जावयाने नोटीस घ्यायचीच नाही असे ठरवलेले असते. तोपर्यंत गावातल्या घराचे छप्पर गळत राहते आणि तिथे राहणारा भाऊ माझ्यासमोर येऊन म्हणतो, “वकीलसाहेब, तुम्ही नुसत्या तारखाच घेत बसता.”

वाटणीवर एकमत झाले नाही तर वारसांना आपापसांत बोली लावता येते, आणि अधिक बोली लावणाऱ्याला घर मिळून इतरांना त्यांच्या वाट्याची रक्कम मिळते. अशा एका प्रकरणात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) बहिणीची बोली वरचढ ठरली आणि घर सांभाळणारा माझा अशील न्यायालयाच्या व्हरांड्यातच माझ्यावर ओरडला, “तुम्ही तिला सामील आहात.” त्याच्या हातात सुतळीने बांधलेला पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा होता. सगळ्यांत खालच्या पावत्या पिवळ्या पडून कडांना कुरतडल्या गेल्या होत्या, आणि बोलताना तो तो गठ्ठा पुन्हा पुन्हा माझ्यापुढे नाचवत होता. मी स्वतःच्या सचोटीचा बचाव करायला लागलो असतो, तर त्या पावत्यांकडे माझे लक्षच गेले नसते. इतकी वर्षे एकट्याने केलेला खर्च कुणाच्याच हिशेबात नाही हे त्याचे खरे दुखणे होते, आणि त्या खर्चाची मागणी इतर वारसांकडे करता येईल का, हा कायद्याचा प्रश्न मला तिथेच सुचला.

कांदोळीकरीण

मी कांदोळीच्या एका हॉटेलात स्वागतकक्ष सांभाळते. राग दुसरीकडचा असतो हे तुमचे निरीक्षण मला पूर्णपणे मान्य आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या नव्या विमानतळाहून विमाने सुरू झाल्यापासून परतीचे विमान दाबोळीच्या जुन्या विमानतळाहून असताना मोपाला जाऊन पोचलेले पाहुणे तिथून आम्हाला फोन करून ओरडतात, आणि टॅक्सीच्या भाड्याचा राग तर खोलीची किल्ली घेण्याआधीच आमच्यावर निघतो. विमानतळ मी ठरवलेला नसतो आणि भाडेही मी ठरवलेले नसते, हे मला समजते. माझा आक्षेप तुमच्या सल्ल्याच्या दुसऱ्या भागाला आहे.

तुम्हाला अशिलाचे काम नाकारता येते आणि दुसऱ्याकडे जा असे सांगता येते. मला पाहुण्यासमोर हसतमुख राहावेच लागते, कारण त्याने इंटरनेटवर एक तारा दिला तर जाब मला द्यावा लागतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्येच विमानातील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून दाखवून दिले होते की पगारासाठी स्वतःच्या भावना आवरून धरणे हेही श्रमच आहेत. आमच्याकडे या श्रमांची दखल कुणी घेत नाही. पाहुणा घाणेरडे बोलून गेला की व्यवस्थापक म्हणतो, “मनाला लावून घेऊ नकोस,” आणि तेवढ्यावर त्याची जबाबदारी संपते. हा सल्ला नेहमी वरून खाली दिला जातो आणि जिने ऐकून घेतले तिलाच तो पाळावा लागतो, म्हणून मला तो मान्य नाही.

डिचोलीकर

मी व्हरांड्यातल्या त्या अशिलाच्या जागेवरून लिहितो आहे. आमच्या वडिलांच्या पश्चातचे प्रकरण बराच काळ अडकून पडले होते, आणि बहिणीला पाठवलेली नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत येत होती. तिचा नवा पत्ता घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होता, पण आमच्या वकिलांनी तो कधी विचारला नाही आणि नोटीस परत आल्याचेही कळवले नाही. मी चिडलो तेव्हा त्यांनी अत्यंत शांतपणे सांगितले, “वारसांच्या प्रकरणात सगळेच चिडतात, मी ते मनाला लावून घेत नाही.” माझा राग भावंडांवर नव्हता, कायद्यावर नव्हता, तो त्यांच्यावरच होता आणि तो रास्त होता.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी निकाल दिला आहे की वकिलाच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येत नाही. डॉक्टरांविरुद्ध १९९५ च्या निकालामुळे तो मार्ग उपलब्ध आहे. वकिलाविरुद्ध व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते किंवा दिवाणी दावा लावता येतो, पण एक दावा रखडला म्हणून दुसरा लावायला कोण जाईल? सामान्य अशिलाच्या हाती समोरासमोर बोलून दाखवणे एवढेच उरते. तेही वकिलाने ‘हा राग माझ्यावरचा नाही’ असे आधीच ठरवून ऐकले, तर ते ऐकणे कसले?

मडगावची निवृत्त परिचारिका

मी थोडेच लिहिते. रात्रपाळीत नातेवाईक “डॉक्टर कुठे आहेत?” असे ओरडत, तेव्हा बरोबरच्या काही जणी रडत आणि काही जणी दगड होऊन जात. दोघींकडूनही उत्तर देण्याचे राहून जात असे. डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत, बाहेर यायला साधारण अर्धा तास लागेल, तोवर रुग्णाला सलाइन सुरू आहे, एवढे सांगितले की बहुतेक माणसे बाकावर जाऊन बसत.

अंत्रुजकर (फोंडा)

डिचोलीकर, तुमचा राग रास्त होता यात मला शंका नाही, आणि तुमच्या वकिलांनी वापरलेले वाक्य मी तरुण वकिलांना शिकवू इच्छित नाही. मात्र तुमच्या उदाहरणातून माझे म्हणणे खोडले जाते असे मला वाटत नाही. तुम्ही चिडलात तेव्हा त्या शब्दांत एक बातमी होती, की नोटीस चुकीच्या पत्त्यावर जाते आहे. दुखावला गेलेला वकील ती बातमी ऐकत नाही, आणि ज्याने कान बंद केले आहेत तोही ऐकत नाही. मला अभिप्रेत असलेला वकील स्वतःचा मान क्षणभर बाजूला ठेवून नोटिशीवरचा पत्ता तपासतो आणि चूक आपल्याच कार्यालयाची असेल तर ती त्याच दिवशी दुरुस्त करतो. मनाला लावून न घेण्याचा अर्थ जबाबदारी न घेणे असा कुणी करत असेल, तर त्याला माझा तुमच्याइतकाच विरोध आहे.

कांदोळीकरीण, तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे तितके चांगले उत्तर नाही. काम नाकारण्याची मोकळीक हा माझ्या शांतपणाचा मोठा आधार आहे, ही गोष्ट मी मूळ लेखनात विचारात घेतली नव्हती. चिडलेल्या माणसाचे ऐकून घेणे हा कामाचा भाग असू शकतो. अपमान सहन करणे तो कधीही असू नये आणि तिथे मालकाने पुढे येऊन उभे राहिले पाहिजे.

डिचोलीकर

तुमचे स्पष्टीकरण मला पटते, पण अशिलाच्या रागातली बातमी वकिलाने ओळखावी हे त्याच्या स्वभावावर सोडायला मी तयार नाही. प्रत्येक तारखेनंतर काय झाले आणि पुढची तारीख कोणती, याच्या दोन ओळी अशिलाला लेखी मिळाल्या तर निम्मा राग निर्माणच होणार नाही. आपल्या कार्यालयात ही पद्धत आहे का?

अंत्रुजकर (फोंडा)

पुढची तारीख आम्ही संदेशाने कळवतो. नोटिसा कुणाला पोचल्या आणि कुणाच्या परत आल्या हे मात्र अशिलाने विचारले तरच सांगितले जाते. तेही त्याच संदेशात लिहिता येईल आणि ते काम त्या तरुण सहकाऱ्याकडेच सोपवतो.

कांदोळीकरीण

मालकाने उभे राहावे हे तुम्ही लिहिलेत याबद्दल आभार, पण रात्री दोन वाजता मालक तिथे नसतो. पाहुणा शिवीगाळ करू लागला तर त्याच्याशी बोलणे थांबवण्याचा आणि सुरक्षारक्षकाला बोलावण्याचा अधिकार पाळीवर असलेल्या कर्मचाऱ्याला आहे, आणि त्यासाठी तिला नंतर जाब विचारला जाणार नाही, एवढे लेखी द्यावे अशी मागणी आम्ही चौघींनी मिळून व्यवस्थापनाकडे केली आहे. ती मान्य होईपर्यंत हा सल्ला मी माझ्या हाताखालच्या नव्या मुलींना देणार नाही.