बेळगावात पहिलाच स्टॉल: विणलेले कपडे आणि लाकडी वस्तू, तयारी कशी करावी?

खानापूरची_सुई
नमस्कार. डिसेंबरअखेर बेळगावात दोन दिवसांच्या हस्तकला प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेतलाय. टेबल एकच, सहा बाय अडीच फूट. माझे लहान मुलांचे स्वेटर, कानटोप्या, मोजे; आमच्या यांचे लाकडी चमचे, पोळपाट, खेळणी. लाकूड शिवण आणि सागवान, पावसाळ्यात कापून ठेवलेलं. काय तपासावं, किती न्यावं?

रंधा
ताई, आधी लाकूड बघा, त्यालाच वेळ लागतो. खानापूरच्या पावसात कापलेलं लाकूड ओल धरून असतं. दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की ते आकसतं आणि सांधे उलतात. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुकडा तोला, वजन आणि तारीख पेन्सिलीनं त्याच्यावरच लिहा, आठ दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरतंय तोवर त्याची वस्तू करू नका. शिवण हलकी आणि कमी हलणारी, खेळण्यांना तीच बरी.

पोळपाटाच्या खालच्या पट्ट्या फळीच्या रेषांना आडव्या बसतात. त्या पूर्ण लांबीभर फेव्हिकॉलनं चिकटवल्या तर फळीला आकसायला जागा उरत नाही आणि मधोमध तडा जातो. मध्यावर चिकटवा, दोन्ही टोकांना लांबट भोक पाडून स्क्रू मारा.

पॉलिश पेपर 120, 180, 240 या क्रमानं. मग ओल्या फडक्यानं पुसा, रेषे उभे राहतील. वाळल्यावर 240 नं हलका हात फिरवा. हे घरी केलं नाही तर गिऱ्हाईकानं पहिल्यांदा धुतलेला चमचा खरखरीत होतो. चमच्यांना शेंगतेल किंवा खोबरेल नको, खवट वास येतो. खाण्यायोग्य मिनरल ऑइल 4 भाग, मधमाशीचं मेण 1 भाग, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा आणि चोळा. लाखेचं पॉलिश खेळण्यांना चालतं. गरम कपाखालच्या वस्तूला नको, पांढरे डाग पडतात. आणि एक महत्त्वाचं: अळशीचं तेल वापरलंत तर फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

टिळकवाडी_लोकर
कानटोपीवर 'लहान', 'मोठी' लिहून भागत नाही. डोक्याचा घेर नवजात बाळाचा साधारण 35 सेंमी, सहा महिन्यांचा 43, वर्षाचा 46. टोपी त्याहून 3-4 सेंमी कमी विणा, ताणून नीट बसते. लेबलवर वय आणि सेंमी दोन्ही लिहा.

स्वेटर परत यायचं नेहमीचं कारण म्हणजे गळा. शेवटचे टाके घट्ट बंद केले की डोकं आत जात नाही. टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घ्या, किंवा खांद्यावर दोन बटणांची फट ठेवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका. वीण चपटी पडून लोळागोळा होते आणि पुन्हा उठत नाही. खरी लोकर कोमट पाण्यात वीस मिनिटं, टॉवेलात दाबून, आडवी वाळवा. दोरीवर टांगली की बाह्या लांबतात.

डांबरगोळ्या ट्रंकेत नकोच. नॅफ्थलीन नवजात बाळांना खरोखर घातक ठरू शकतं. कडक ऊन आणि वाळलेला कडुनिंब पुरे.

खानापूरची_सुई
आभार! स्वेटरांना सागवानी बटणं लावावीत असं मनात होतं.

टिळकवाडी_लोकर
पांढऱ्या, पिस्ता रंगाला नको. सागवान भिजलं की तपकिरी पाणी सोडतं आणि बटणाभोवती डाग उतरतो. शिवणीची करा, तरी एक बटण पांढऱ्या लोकरीच्या तुकड्यावर शिवून रात्रभर भिजवून बघाच. भोकाची कड धारदार राहिली तर दोरा कापतो आणि सुटलेलं बटण बाळाच्या तोंडात जातं. भोकाच्या दोन्ही तोंडांवर मोठ्या ड्रिल बिटचं टोक हातानं एकदा फिरवा, दोरा दुहेरी घ्या, शेवटी बटण ओढून बघा.

निपाणी_गल्ली
एका टेबलाला 12 टोप्या, 8 जोड मोजे, 6 स्वेटर, 20 चमचे, 4 पोळपाट, 10 खेळणी भरपूर झाली. ढीग लावला की लोक वस्तू उचलून बघत नाहीत. लोकर आणि लाकूड एका पेटीत नेऊ नका, तेलाचा डाग लोकरीतून निघत नाही. तेल लावलेला माल निदान दोन आठवडे आधी तयार हवा.

एका स्वेटरची किंमत अशी धरा: समजा लोकर 110 रुपये, बटणं 30, 14 तास दर 40 नं 560, झाले 700. त्यावर स्टॉलच्या भाड्याचा वाटा. तासांचे पैसे सोडून देऊ नका, पुढच्या वेळी तोच भाव मागतात. किंमत प्रत्येक वस्तूवर, पाटी कन्नड आणि मराठीत.

पुढं माल कोल्हापूर किंवा गोव्याला नेणार असाल तर ध्यानात ठेवा: जीएसटी नोंदणीतून सूट घेऊन हस्तकलेचा माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद) लागतं, माल 50,000 रुपयांच्या आतला असला तरी. माल घरून निघायच्या आधीच ते काढलेलं असू द्या.