किलोमीटर कमी म्हणजे गाडी निर्धोक नव्हे
किलोमीटर कमी असतील तर जुनी आलिशान सेदान निर्धास्त घ्यावी, हे या चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही. जालन्यात पत्र्याच्या शेडखाली वर्षानुवर्षे उभी असलेली अशीच एक गाडी मी जेमतेम 40 हजार किलोमीटरवर घेतली आणि पहिल्याच उन्हाळ्यात बॉनेटखाली कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) गुलाबी ओघळ दिसले. प्लास्टिकच्या जोडाला तडा गेला होता, कारण गाडी धावो वा न धावो, प्लास्टिक आणि रबर वयाने व उष्णतेने ठिसूळ होतातच.

नोंदणीचा मुद्दा मात्र चर्चेत कुणीच काढलेला नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकत्रितपणे घेतलेल्या सुमारे दीडशे मर्सिडीजच्या नोंदणीची 15 वर्षांची मुदत आता उलटली आहे, त्यामुळे त्या वयाची गाडी पाहताना 5 वर्षांचे नूतनीकरण झाले आहे का हे आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) तपासावे आणि जुन्या गाड्यांवरच्या पर्यावरण कराची पावती मागूनच किंमत ठरवावी.