अल ग्रीन आणि विली मिचेल: २००३ ची गळाभेट खरंच एवढी भारी होती का?

तबकडी:
अल ग्रीनच्या 'आय कान्ट स्टॉप' या २००३ च्या अल्बमबद्दल कुठेही वाचा, सगळीकडे एकच सूर, की बघा, जुनी जोडी परत आली, तोच स्टुडिओ, तोच माइक, आता अजून काय पाहिजे. मला हा अल्बम ओव्हररेटेड वाटतो, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अल ग्रीन म्हणजे सत्तरच्या दशकातला सोलचा (गॉस्पेल आणि ब्लूजमधून आलेलं कृष्णवर्णीय अमेरिकन संगीत) सगळ्यात मखमली आवाज, जन्म १९४६, आर्कान्सामधलं फॉरेस्ट सिटी. विली मिचेल त्याचा प्रोड्यूसर, पण म्हणजे पैसे लावणारा शेठजी नव्हे. मूळचा ट्रम्पेटवाला, स्वतःचा बँड चालवणारा, चाली बांधणारा आणि रेकॉर्डिंगच्या टेबलावर स्वतः बसणारा माणूस. दोघं टेक्सासमधल्या मिडलंडला भेटले, मग मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत 'हाय रेकॉर्ड्स'साठी एकामागून एक अल्बम काढले. 'लेट्स स्टे टुगेदर' हे गाणं फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेत एक नंबरला. १९७६ ला ग्रीननं मेम्फिसमध्ये चर्च घेतलं आणि तो पाद्री झाला, पुढच्या वर्षी 'द बेल अल्बम' विलीशिवाय स्वतःच प्रोड्यूस केला आणि मग बरीच वर्षं गॉस्पेलच, म्हणजे चर्चमधली देवाची गाणी. २००३ ला ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीनं या अल्बमसाठी दोघांना परत एकत्र आणलं. मिचेल ७५ चा, ग्रीन ५७ चा.

आता माझा मुद्दा. जुने सगळे घटक परत मांडले म्हणजे जुनं गाणं परत तयार होत नाही. ब्रास बरोबर जागेवर येतो, ऑर्गन खाली गुणगुणतो, स्ट्रिंग्ज येतात, सगळं अगदी मापात. आणि तिथेच गोची आहे, १९७२ च्या गाण्यांमध्ये पुढच्या ओळीत हा माणूस काय करेल याचा पत्ता लागायचा नाही, इथे पहिल्या कडव्यातच सगळं कळतं. २००५ चा 'एव्हरीथिंग्ज ओके' तर त्याहून सपाट, त्यात 'यू आर सो ब्यूटिफुल' सारखं शेकडो जणांनी गाऊन झालेलं गाणं घ्यायची वेळ आली. याउलट २००८ ला 'द रूट्स' या हिप-हॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव आणि कीबोर्डवाला जेम्स पॉयझर यांनी प्रोड्यूस केलेला 'ले इट डाऊन' ऐका, तिथे म्हातारा जागा झालाय. ग्रॅमीसुद्धा त्याच अल्बमला मिळाले, दोन.

खडूस_श्रोता:
ग्रॅमी मिळाले म्हणून अल्बम चांगला? मग विषयच संपला की हो.

निषाद कोमल:
तबकडी, पूर्ण असहमत. तुम्ही विलीनं काय केलं हेच बाजूला ठेवून बोलताय. ग्रीन जेव्हा त्याच्याकडे आला तेव्हा तो ओटिस रेडिंग, विल्सन पिकेट यांच्यासारखा घसा फोडून गायला बघायचा, कारण तेव्हा सोल म्हणजे तेच. मिचेलनं त्याच्या मागे लागून लागून त्याला हळू गायला लावलं. 'लेट्स स्टे टुगेदर'च्या वेळी यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती, ग्रीनला तो बारीक आवाज बायकी वाटत होता. आज आपण ज्याला अल ग्रीनचा आवाज म्हणतो तो त्या भांडणातून निघालाय.

ग्रीनचं १९७२ चं 'सिंपली ब्यूटिफुल' हेडफोनवर ऐका. गिटार, पायाच्या ड्रमचा दबका ठोका आणि जवळजवळ काहीच नाही. ग्रीन इतका माइकच्या जवळ आहे की ओठ उघडल्याचा आवाज येतो, अर्धी ओळ गातो आणि उरलेली अर्धी श्वासात सोडून देतो. असं गायला गायकाला दोन गोष्टी लागतात, एक तर प्रचंड आत्मविश्वास आणि दुसरं म्हणजे काचेपलीकडे बसलेला असा माणूस ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकता येतो. २००३ ला तोच माणूस परत काचेपलीकडे बसला. 'माय प्रॉब्लेम इज यू' हा लांबलचक संथ ब्लूज आहे त्या अल्बमवर, तो नीट ऐकलात का? आवाजाला वय झालंय, कडा खरखरीत झाल्यात, आणि तो ते लपवत नाही. हे कुठल्या मापात बसतं सांगा.

तबकडी:
ऐकलाय, आणि अल्बममधलं तेच एक गाणं मला मनापासून आवडतं. पण एका गाण्यावर अल्बम तरत नाही ना.

मिसिसिपीकर:
मी इकडे अमेरिकेतच असतो, मेम्फिसला गेलोय, त्यामुळे थोडं जागेबद्दल. रॉयल स्टुडिओ हे मूळचं सिनेमा थिएटर, त्यामुळे जमीन अजून उतरती आहे, खुर्च्या काढल्या पण उतार तसाच. भिंतीछतांना आवाज शोषणारं कायकाय लावलेलं आहे आणि विलीनं ते कधी बदलू दिलं नाही. त्या ड्रमचा जो कोरडा, गादीवर पडल्यासारखा ठोका येतो ना, त्यात वादकाइतकाच त्या खोलीचा हात आहे. ग्रीनसाठी राखलेला ९ नंबरचा माइकसुद्धा २००३ ला परत काढला होता. बाहेरच्या रस्त्याच्या त्या भागाला आता विली मिचेलचं नाव आहे, एरिया तसा पडीकच, बाहेरून बघून कोणाला खरं वाटणार नाही की आत काय काय झालंय.

आणि एक दुरुस्ती सगळ्यांसाठी. २००३ ही पहिली गळाभेट नव्हेच. १९८५ ला 'ही इज द लाइट' हा गॉस्पेल अल्बम विलीनंच प्रोड्यूस केला होता. त्याचं कोणी नाव घेत नाही कारण तो देवाच्या गाण्यांचा, रोमान्सवाल्यांना त्यात रस नाही आणि चर्चवाल्यांना विलीत रस नाही.

झंकार:
हे मस्त सांगितलंत मिसिसिपीकर. पण मग हाच प्रश्न येतो ना, की १९८५ ला दोघं एकत्र आले आणि फारशी हवा झाली नाही, २००३ ला झाली. संगीत बदललं की मार्केटिंग? ब्लू नोट म्हणजे जॅझचं मोठं नाव, नोरा जोन्सचा अल्बम तेव्हा धो धो चालला होता, त्यामुळे जुन्या पद्धतीनं वाजवलेल्या, शांत रेकॉर्डिंगला गिऱ्हाईक आहे हे कंपनीला कळलेलं. 'तोच माइक' ही जाहिरातीसाठी सोन्यासारखी ओळ आहे.

खडूस_श्रोता:
जाहिरात असेल नाहीतर काय असेल, गाणं वाजतं तेव्हा कानात जाहिरात शिरत नाही.

झंकार:
शिरते हो, न कळत शिरते. कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं की हा ऐतिहासिक क्षण आहे, मग आपण इतिहास ऐकायला बसतो, गाणं राहतं बाजूला.

परसबाग:
मला या सगळ्यात ग्रीनच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्या हॉजेस भावंडांचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. टीनी गिटारवर, लिरॉय बासवर, चार्ल्स ऑर्गनवर, ड्रम्सवर हॉवर्ड ग्राइम्स नाहीतर अल जॅक्सन. 'लेट्स स्टे टुगेदर'ची चाल विली आणि अल जॅक्सनची, शब्द ग्रीनचे. 'टेक मी टू द रिव्हर' ग्रीन आणि टीनीनं मिळून लिहिलंय, ज्याचं टॉकिंग हेड्स या रॉक बँडनी १९७८ ला भलतंच काहीतरी भारी करून टाकलं. म्हणजे ही जोडीची गोष्ट मुळात नाहीच, ही सात-आठ जणांची गोष्ट आहे आणि त्यातला अल जॅक्सन १९७५ लाच मारला गेला. तो नसताना 'तेच परत आलं' असं म्हणणं मला पटत नाही. त्याच खोलीत, त्याच वादकांना घेऊन विलीनं अ‍ॅन पीबल्स या गायिकेचंही काम केलंय, ते ऐकलं की कळतं की ग्रीन नसतानाही हा आवाज उभा राहायचा.

निषाद कोमल:
परसबाग, वादकांबद्दल शंभर टक्के मान्य. पण ते वादक कोणी गोळा केले? हॉजेसमंडळी पोरसवदा असल्यापासून विलीच्या हाताखाली तयार झालीत. आणि पीबल्सचं उदाहरण माझ्याच बाजूनं जातं, तिथेही काचेपलीकडे तोच होता.

अजून एक, ग्रीन विलीपासून तुटला ते काही संगीताच्या भांडणावरून नाही. ऑक्टोबर १९७४ ला एका मैत्रिणीनं तो आंघोळीला गेलेला असताना अंगावर मक्याच्या कण्यांची उकळती पेज ओतली आणि मग स्वतःला गोळी मारून घेतली, भयंकर प्रकार, त्यानंतर तो देवाधर्माला लागला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो स्वतः मात्र आपला साक्षात्कार १९७३ चा सांगतो, म्हणजे पेजेच्या आधीचा. विली धार्मिक गाण्यांच्या वाटेला जायला फारसा उत्सुक नव्हता, त्यात १९७७ ला 'हाय' कंपनीच विकली गेली. म्हणून परत भेटताना जुने हिशेब मिटवायचे नव्हते, नुसतं काम सुरू करायचं होतं, आणि ते अल्बममध्ये ऐकू येतं, कुठेही ताण नाही.

तबकडी:
ताण नाही हीच तर माझी तक्रार आहे! तुम्हीच वर म्हणालात की तो आवाज भांडणातून निघाला. एक म्हणतोय जोरात गाणार, दुसरा म्हणतोय हळू गा, आणि त्या ओढाताणीत गाणं तापायचं. २००३ ला कोण कोणाला नाही म्हणणार होतं? एक रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमवाला रेव्हरंड, दुसरा मेम्फिसचा आदरणीय 'पॉप्स'. दोघंही एकमेकांचा मान ठेवून वागतायत आणि ते मला ऐकू येतं. कितीतरी ठिकाणी ग्रीन उगाच जोर लावून गातो, १९७२ चा विली असता तर टेप थांबवून परत गायला लावलं असतं.

चहाबिस्किट:
आपल्याकडे लताबाई आणि सचिनदा यांचं पाच वर्षं बोलणं बंद होतं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला जमलं तेव्हा काय एकेक गाणी आली. त्यामुळे परत आल्यावर धार जातेच असं काही नाही.

तबकडी:
पाच वर्षं आणि पंचवीस वर्षं यात फरक आहे हो चहाबिस्किट. तेव्हा लताबाई तिशीत होत्या.

खडूस_श्रोता:
तबकडींचा हा ताणाचा मुद्दा पहिल्यांदा पटला. बाकीचं अजून नाही.

परसबाग:
२००८ च्या अल्बमबद्दल पण बोला ना कोणीतरी. मला तो आवडतो पण तबकडी म्हणतात तसा 'नवा' तो कुठे आहे? क्वेस्टलवचा ड्रम ऐका, तोच कोरडा दबका ठोका, तेच मागे रेंगाळणं. डॅप-किंग्ज या बँडचा ब्रास म्हणजे साठ-सत्तरच्या आवाजाचेच उपासक. सोबतीला अँथनी हॅमिल्टन, जॉन लेजंड, कोरिन बेली रे, म्हणजे सगळे ग्रीनच्या रेकॉर्डी ऐकून वाढलेले. हे लोक न्यूयॉर्कमध्ये बसून मेम्फिसच करतायत. विलीनं २००३ ला स्वतःची नक्कल केली म्हणून तो शिळा, आणि इतरांनी विलीची नक्कल केली तर ताजी?

निषाद कोमल:
👏 हेच लिहायला आलो होतो.

तबकडी:
हो, असंच म्हणतोय मी. क्वेस्टलवला ग्रीनकडून काहीतरी हवं होतं, लहानपणापासून रेकॉर्डवर ऐकलेलं, आणि ते मिळेपर्यंत तो सोडणार नव्हता. विलीला ते सगळं १९७२ लाच मिळून गेलेलं होतं.

मिसिसिपीकर:
विली जानेवारी २०१० ला गेला. स्टुडिओ आता बू मिचेल चालवतो, घरातलाच. 'अपटाऊन फंक' या गाजलेल्या पॉप गाण्याचं काही काम तिथेच झालंय आणि त्याबद्दल बूला ग्रॅमीही मिळालं. ते वाजतं तेव्हा ड्रमकडे लक्ष द्या. आणि तबकडी, 'ही इज द लाइट' ऐकून मग बोलू, कारण १९८५ ला दोघांचा मान-बिन काही नव्हता, विलीची कंपनी गेलेली होती आणि ग्रीन चर्चबाहेर गायला तयार नव्हता. तुम्हाला ताण पाहिजे ना, तो तिकडे आहे.

तबकडी:
ऐकतो. पण 'एव्हरीथिंग्ज ओके' बद्दल अजून एकानेही चांगलं बोलून दाखवलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

निषाद कोमल:
त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही 😄