ताईच्या दाढांसाठी बुडापेस्टला जावं का? अनुभवी मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यातली, हर्णैजवळ राहते. प्रश्न माझ्या मोठ्या बहिणीचा आहे. ताई आणि भावोजी चार वर्षांपासून इंग्लंडात आहेत. ताई तिथे एका वृद्धाश्रमात कामाला आहे. गेल्या डिसेंबरात तिच्या खालच्या, उजव्या बाजूच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. तेव्हापासून ती एकाच बाजूने जेवते.

मे महिन्यात ओळखीचं कोणी तिकडे जात होतं, त्यांच्याबरोबर तळलेले फणसाचे गरे पाठवले. ताईने व्हिडिओ कॉल लावूनच पुडा फोडला. एक गरा तोंडात टाकला, जिभेने डावीकडे सरकवला, मऊ होईपर्यंत तसाच धरला आणि मग हळूच चावला. लहानपणी आम्हा भावंडांना चिंबोरीचे डेंगे दातांनी फोडून देणारी हीच ताई. मला बघवेना.

तिथल्या डॉक्टरांनी दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) आणि त्यांच्यावर बसणाऱ्या कॅपा मिळून पाच हजार पौंडांच्या वर आकडा सांगितला. एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) कॅप, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले दात), कवळी हे सगळं तिसऱ्या टप्प्याच्या दरात बसतं (एप्रिल २०२५ मध्ये तो ३२६.७० पौंड होता), पण इम्प्लांट तिथे फार क्वचित, खास वैद्यकीय कारण असेल तरच मिळतं. ब्रिज करायचा तर पुढच्या-मागच्या चांगल्या दाढा घासाव्या लागतील, आणि ताईची तर मागची दाढच उरलेली नाही. म्हणून तिच्या कामावरच्या दोघींनी हंगेरीतलं बुडापेस्ट सुचवलं. तिथल्या क्लिनिकने एक्स-रे बघून निम्म्याहूनही कमी खर्च सांगितलाय. लंडनहून विमान अडीच तासांचं.

आईचं म्हणणं एकच: "गणपतीला ये आणि इथेच बसवून जा." दापोलीच्या आमच्या डॉक्टरांनी दोन्ही दाढांचे ७०,००० रुपये सांगितले आहेत. पण ताईला रजा बारा दिवसांची. त्यातले दोन-तीन प्रवासात जाणार, खेडला उतरून पुढे एसटी आलीच, आणि गौरीगणपतीत दवाखाने बंद. शिवाय हे काम एका फेरीत होत नाही. आधी हिरडीखाली हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, मग हाड त्याला घट्ट धरेपर्यंत थांबायचं. खालच्या जबड्याला साधारण तीन महिने, वरच्याला त्याहून जास्त. त्यानंतर कॅप. टायटॅनियम आणि हाड असं एकजीव होतं हे ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडावर काम करताना दिसलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. तेव्हापासून तंत्र पुष्कळ सुधारलं, तरी हाड त्याचा वेळ घेतंच. म्हणजे इथे करायचं तर भारताच्या दोन फेऱ्या, आणि दोन तिकिटांत सगळी बचत गेली.

बुडापेस्टलाही दोन फेऱ्या आहेतच, आणि इथे एक गोष्ट कोणी सांगतच नाही. क्लिनिकवाले लिहितात, "शुक्रवारी या, सोमवारी परत जा." ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचं ठीक आहे. ताईचा पासपोर्ट भारतीय. हंगेरी २००७ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, त्यामुळे तिला व्हिसा लागणार. फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. तो विमा अचानक आजारी पडलं तर उपयोगी पडतो, ठरवून केलेल्या दाढांचा खर्च काही देत नाही.

पण माझी खरी काळजी पैशांची नाही. चार वर्षांपूर्वी ह्यांनी मुंबईत एका दवाखान्यात इम्प्लांट केलं. छान बसलं. दोन वर्षांनी कॅप हलायला लागली. दापोलीच्या डॉक्टरांनी आरशाने बघितलं आणि म्हणाले, "आतला स्क्रू सैल झालाय. आवळायला दोन मिनिटं पुरे. पण कंपनी कुठली ते सांगा, प्रत्येकाचा पाना वेगळा." आमच्याकडे फक्त पैसे भरल्याची पावती. मुंबईला फोन लावला तर नंबर बंद, दवाखान्याच्या जागी दुसरंच दुकान. महिनाभर हे पेज आणि मऊ भात खात होते. शेवटी एक्स-रेवरच्या आकारावरून डॉक्टरांनी कंपनी ओळखली आणि पाना मागवून घेतला. मुंबई तरी सहा-सात तासांवर आहे. बुडापेस्टला बसवलेली दाढ इंग्लंडात रात्री दोन वाजता ठणकली तर ताईने कोणाकडे जायचं?

तर जाणकारांना विचारायचंय: भारतीय पासपोर्टवर इंग्लंड किंवा आयर्लंडहून तिकडे जाऊन कोणी दात करून घेतलेत का? व्हिसा पर्यटनाचा घेतला की उपचाराचा? आणि नंतर काही बिघडलं तेव्हा तिथल्या स्थानिक डॉक्टरांनी हात लावला का?

ताईला मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे.

भर (चार दिवसांनी):

एवढ्या आपुलकीने लिहिलंत, मनापासून आभार. सगळे प्रतिसाद ताईला वाचून दाखवले.

व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा मागा आणि क्लिनिकचं पत्र जोडून खरं कारणच लिहा, हे बऱ्याच जणांनी बजावलंत. तसंच करणार आहोत. मधुमेहाबद्दल ज्यांनी लिहिलंत त्यांचे विशेष आभार. साखर वाढलेली असेल तर जखम उशिरा भरते, जंतुसंसर्गाची भीती वाढते, म्हणून तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी आधी करायची हे पक्कं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही गोळ्या चालू आहेत का, हे विचारायला सांगितलंत. ताई ते काही घेत नाही, पण आईच्या गोळ्या आज कपाटातून काढून नावं लिहून ठेवली. काही गोळ्यांवर असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड बरं होत नाही, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

बुडापेस्टचे डॉक्टर कसे असतील अशी आईला धास्ती होती. झेमेलवाइस विद्यापीठात दंतवैद्यक इंग्रजी आणि जर्मनमधूनही शिकवतात, बाहेरची मुलं तिथे शिकायला येतात, हे तुमच्यापैकी एकाने लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. झेमेलवाइस म्हणजे १८४७ मध्ये व्हिएन्नातल्या डॉक्टरांना बाळंतिणीला तपासण्याआधी हात धुवायला लावणारे, ते मूळचे बुडाचेच. आमची आजी सुईणपण करायची. आईने एवढंच विचारलं, "म्हणजे तोवर धूत नव्हते?" आणि मग जरा शांत झाली. बुडा आणि पेस्ट नदीच्या दोन काठांवर, आपल्या दाभोळ-धोपाव्यासारखी, हेही तिला आवडलं.

ताईने क्लिनिकला मेल केली होती, उत्तर आलं. इम्प्लांटची कंपनी, माप आणि लॉट नंबर लेखी देणार, स्कॅनची फाइलही देणार. स्कॅन बघून हाड कमी निघालं तर खर्च वाढेल, तो आकडाही आधीच कळवलाय. हे चांगलं झालं. मात्र गॅरंटीसाठी दरवर्षी तपासणीला त्यांच्याकडेच यावं लागेल, नाहीतर गॅरंटी रद्द. दरवर्षी व्हिसा, विमान, रजा! वार्षिक तपासणी इंग्लंडातल्या डॉक्टरांकडून करून अहवाल पाठवला तर चालेल का, असं ताईने परत विचारलंय.

तोवर तिने तिथेच स्कॅनची वेळ घेतली आहे, पुढच्या मंगळवारची. दाढ काढल्यावर तिथलं हाड झिजत जातं, म्हणून फार थांबायचं नाही असं ठरलंय. गणपतीला ती येणार आहे, नुसती जेवायला. आईने मोदकांबरोबर मऊ घावणेही करायचे ठरवलेत.

आता एवढंच सांगा: वार्षिक तपासणी दुसऱ्या देशातल्या डॉक्टरांकडून करून घ्यायला क्लिनिकने परवानगी दिली, असं कोणाच्या बाबतीत झालंय का? लेखी काय मागून घेतलंत?