मद्रासहून सापडलेली सिल्व्हिया

'लघुग्रह शोधायचे ते युरोप-अमेरिकेनं, आपण फक्त नावं पाठ करायची' असं वर निपाणीच्या दादांनी लिहिलंय. दादा, जरा थांबा! मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला फिरणारी ८७ सिल्व्हिया (८७ हा तिचा लघुग्रहांच्या यादीतला क्रमांक) १८६६ च्या मे महिन्यात मद्रास वेधशाळेतून सापडली. शोधणारा नॉर्मन पॉगसन इंग्रज, हे कबूल. पण आकाश इकडचंच की. तेव्हा फोटोची सोय नव्हती. नकाशातला एकेक ठिपका दुर्बिणीतल्या ताऱ्याशी ताडून बघायचा, आणि पुढच्या रात्री जो जागचा हललेला दिसेल तो धरायचा. तेही मद्रासच्या मे महिन्यातल्या उकाड्यात!

अडीचशे किलोमीटरहून मोठी ही बया सूर्याभोवतीची फेरी साडेसहा वर्षांत पुरी करते. रोम्युलस आणि रेमस हे तिचे दोन चंद्र. दोन चंद्र असलेला पहिला लघुग्रह म्हणून २००५ मध्ये तिचंच नाव झालं.

बेळगावातून दिसेल का, असंही कुणीतरी विचारलंय. प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे पृथ्वी तिच्या आणि सूर्याच्या मध्ये येते तेव्हा, ती साधारण बाराव्या प्रतीची असते (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं अंधुक), त्यामुळे आठ इंची दुर्बीण तरी हवी. शहरातून नाद सोडा. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून दक्षिणेला, खानापूरच्या बाजूला बघा. शहराचा उजेड पाठीशी राहतो. फक्त जून ते सप्टेंबर नको, आपल्याकडचा पाऊस ठाऊकच आहे.