'इन्स्पिरेशनल रोमान्स'ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती

माझ्या वाचनाच्या वहीत मी प्रत्येक पुस्तकापुढे त्याचा प्रकार लिहिते. चरित्र, प्रवासवर्णन, रहस्यकथा वगैरे. एका प्रकारापुढे मात्र इतकी वर्षं इंग्रजी शब्दच देवनागरीत उतरवत आले आहे: इन्स्पिरेशनल रोमान्स.

ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. पुस्तकांच्या जगात या दोन शब्दांना ठरलेला अर्थ आहे. दोघांची प्रेमकथा असते, बहुधा ख्रिस्ती श्रद्धेच्या जगातली, ती सुखान्त असते, पण दोघं एकत्र आली म्हणजे गोष्ट पुरी झाली असं नसतं. दोघांपैकी एकाचं तरी, बहुधा दोघांचंही, देवाशी असलेलं नातं वाटेत बदलावं लागतं. शारीरिक जवळीक चुंबनापाशी थांबते. आणि अडथळा बहुतेक वेळा तिसऱ्या माणसाचा नसतो. कोणाला तरी क्षमा करायची राहिलेली असते, कोणाची तरी प्रार्थना ऐकली गेलेली नसते आणि त्याचा राग मनात असतो, किंवा 'माझ्यासारखीवर कोण प्रेम करणार' हे कोणाच्या तरी हाडात मुरलेलं असतं.

मध्यंतरी मी 'प्रेरणादायी प्रणयकथा' लिहून पाहिलं. मैत्रिणीनं ते वाचलं आणि तिला वाटलं, कोणा जिद्दी जोडप्याचं चरित्र असावं. तिची चूक नाही. 'प्रेरणादायी' म्हटलं की संकटांवर मात करून वर आलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. माझ्या पुस्तकांतली माणसं जिद्दीनं जिंकत नाहीत. ती कुठेतरी हात टेकतात, आणि तिथून त्यांचं सगळं सुरू होतं.

मला मराठी शब्द हवा आहे. सुचवाल का?

प्रतिसाद

सरळ 'ख्रिस्ती प्रेमकथा' म्हणा. कोणालाही कळेल.

धागाकर्ती

कळेल हे खरं. पण त्या नावानं पात्रं कोणत्या समाजातली आहेत एवढंच कळतं. नायक-नायिका ख्रिस्ती आहेत, लग्न चर्चमध्ये लागतं, आणि देवाचा विषय कुठेही नाही, अशा कादंबऱ्याही पुष्कळ आहेत. मला वेगळी ओळखू यायला हवी ती दुसरी जात.

प्रतिसाद

'प्रेरणा' का बसत नाही याचं उत्तर व्युत्पत्तीत सापडेल असं वाटतं. प्रेरणा शब्दात 'ईर्' धातू आहे, हलवणं, चालना देणं. 'प्र' लागला की पुढे ढकलणं. म्हणजे मराठी शब्दाच्या मुळाशी धक्का आहे. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या 'आत श्वास फुंकणे' या क्रियापदावरून आलेला आहे. तिथे मुळाशी श्वास आहे.

२ तीमथ्य ३:१६ मध्ये शास्त्रलेखाला आपल्या मराठी बायबलात 'परमेश्वरप्रेरित' म्हटलं आहे. मूळ ग्रीक शब्द 'थेओप्नेउस्तोस', म्हणजे देवानं श्वसित केलेला. भाषांतर बरोबरच आहे, पण श्वास तेवढा निसटला. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत देव जीवनाचा श्वास फुंकतो, आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांवर फुंकर घालतो. तुमच्या पुस्तकांतलं हात टेकलेलं माणूस पुन्हा उठतं ते धक्क्यानं उठत नसावं. विझत आलेल्या निखाऱ्यावर फुंकर घालतात ना, तसं असावं.

नाव मात्र मला सुचलं नाही. 'फुंकर-कथा' म्हणता येणार नाही!

प्रतिसाद

मग 'प्रीतिकथा' घ्या. बायबलच्या मराठीत 'प्रीती' हाच शब्द आहे. 'देव प्रीती आहे', 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे'. प्रेम हा सगळीकडे चालणारा शब्द, प्रीती हा ग्रीकमधला 'अगापे', निःस्वार्थ प्रेम. 'इरॉस', म्हणजे देहाच्या ओढीचं प्रेम, वेगळा. आपोआप भेद होतो.

प्रतिसाद

प्रीतिकथा हा शब्द मलाही गोड वाटतो, पण त्यामागचं कारण पटत नाही. अगापे म्हणजे दैवी आणि इरॉस म्हणजे वासना अशी वाटणी प्रवचनांतून फार ऐकू येते. इरॉस हा शब्द नव्या करारात येत नाही हे खरं. पण जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात गीतरत्नातल्या प्रेमासाठी अगापेच आहे, जे प्रेम मृत्यूसारखं प्रबळ आहे असं तिथे म्हटलं आहे ते. ते स्त्रीपुरुषांचं प्रेम आहे, देहासकट. आणि त्याच भाषांतरात २ शमुवेल १३ मध्ये अम्नोनाला सावत्र बहीण तामारेविषयी जे वाटतं, ज्याचा शेवट बलात्कारात होतो, तिथेही त्याच शब्दकुळातलं क्रियापद वापरलं आहे. शब्द पवित्र होता म्हणून प्रेम पवित्र झालं असं नाही. ते प्रेम पुढे काय करतं हे बघावं लागतं. करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय तेच करतो. तो प्रीतीची व्याख्या देत नाही. प्रीती काय करते आणि काय करत नाही ते सांगत जातो.

हे एवढ्यासाठी लिहिलं की, ज्या कादंबऱ्यांत देहाची ओढ पाप म्हणून बाजूला ठेवलेली असते त्या मला अर्ध्याच वाटतात. चांगल्या कादंबरीत ती ओढ असते आणि तिला धीरही असतो.

धागाकर्ती

धीराचं अगदी पटलं. दार बंद आहे म्हणून खोली रिकामी आहे असं नाही.

या चर्चेवरून मला दुसऱ्या एका शब्दाबद्दल लिहावंसं वाटतं: विश्वास. मराठीत धार्मिक भावनेला आपण एरवी श्रद्धा म्हणतो. मराठी बायबलनं मात्र 'विश्वास' धरला आणि मला त्यात फार शहाणपण दिसतं. 'नवऱ्यावर श्रद्धा आहे' हे कानाला विचित्र लागतं. 'नवऱ्यावर विश्वास आहे' हे रोजचं बोलणं. देवासाठी आणि जोडीदारासाठी एकच शब्द चालतो, आणि ही कादंबरी उभीच असते त्या एका शब्दावर. शिवाय जो विश्वास ठेवतो तो 'विश्वासणारा' आणि ज्याच्यावर ठेवता येतो तो 'विश्वासू', दोन्ही एकाच मुळाचे. ग्रीक 'पिस्तिस'मध्येही विश्वास आणि विश्वासूपणा असे दोन्ही अर्थ आहेत.

रोजच्या जगण्यात मला या शब्दाचा उपयोग होतो तो असा. 'आम्ही विश्वासाने चालतो, डोळ्यांनी दिसते त्याप्रमाणे चालत नाही' हे वचन मला लहानपणापासून पाठ आहे, पण त्यातलं 'चालतो' मला बऱ्याच उशिरा दिसलं. विश्वास ही मनात साठवून ठेवायची वस्तू असती तर मी कधीच हरले असते, कारण माझ्या मनात ती पुष्कळदा सापडत नाही. चालणं जमतं. घरात आजारपण होतं त्या काळात प्रार्थनेला शब्द फुटत नव्हते, तरी रोज रात्री मी ठरल्या वेळी गुडघ्यावर बसत होते. त्याच दिवसांत एका कादंबरीतली नायिका देवाशी बोलायचं सोडून देते, आणि तरीही शेजारच्या म्हातारीचं पाणी भरत राहते. ते वाचताना मी रडले. तिच्यात मला मी दिसले.

आणि 'वचन'! बायबलमधल्या ओळीला आपण वचन म्हणतो, दिलेल्या शब्दालाही वचन म्हणतो. 'सकाळी वचन वाचलं' आणि 'त्यानं तिला वचन दिलं'. या कथांत दोन्ही वाक्यं एकाच पानावर येऊ शकतात आणि मराठीत ती एकमेकांना ओळखतात.

प्रतिसाद

वचनाच्या जोडीला 'करार'ही घ्या, तो मात्र अडचणीचा आहे. बायबलचा करार आणि भाड्याच्या घराचा करार, मराठीत शब्द एकच. या कादंबऱ्यांतलं एक लाडकं कथानक म्हणजे सोयीसाठी केलेलं लग्न. मुलं सांभाळायला कोणीतरी हवं असतं, किंवा जमीन टिकवायची असते, म्हणून दोन अनोळखी माणसं लग्न करतात. सुरुवातीला तो व्यवहार असतो. पुढे कधीतरी ती कायमची बांधिलकी होते, मलाखी संदेष्टा पत्नीला कराराची पत्नी म्हणतो त्या अर्थानं. इंग्रजीत या दोन पायऱ्यांना दोन शब्द आहेत, कॉन्ट्रॅक्ट आणि कव्हनन्ट. मराठीत 'त्यांचा करार करार झाला' असं म्हणायची पाळी येते. मी पहिल्याला 'ठराव' म्हणेन आणि दुसऱ्याला 'आणभाक'. आणाभाका प्रेमिकांच्या म्हणून आपल्याला माहीतच आहेत, आणि त्यात शपथही आहे.

प्रतिसाद

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचं नवल वाटतं, कारण या प्रकारच्या कितीतरी कथा त्याच साच्यावर बेतलेल्या असतात. रूथ ही परक्या देशातून आलेली विधवा, आणि बवाज हा तो शेतमालक ज्याच्या शेतात ती धान्य वेचते आणि ज्याच्याशी पुढे तिचं लग्न होतं. तिथला 'कानाफ' हा हिब्रू शब्द पाहा. त्याचा अर्थ पंख, आणि वस्त्राचा काठही. रूथ २:१२ मध्ये बवाज तिला म्हणतो की ज्या परमेश्वराच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो तुला प्रतिफळ देवो. पुढे ३:९ मध्ये, रात्री खळ्यावर, ती त्यालाच म्हणते की आपला 'कानाफ' माझ्यावर पसरा. म्हणजे त्याच्याच प्रार्थनेतला शब्द ती त्याच्यापुढे ठेवते. देवानं जे करावं असं तू म्हणालास, ते तू कर.

भाषांतरांत पहिल्या जागी पंख येतात आणि दुसऱ्या जागी वस्त्र किंवा पांघरूण, त्यामुळे दोन ठिकाणांमधला धागा तुटतो. मराठीत तो जोडायला 'पदर' आहे. पंखाखाली घेणं आणि पदरात घेणं, दोन्ही आपल्याकडे आसरा देणंच. देवानं पंखाखाली घेतलं, बवाजानं पदरात घेतलं. असं वाचलं की मला तरी तो प्रसंग हिब्रू वाचकाइतकाच जवळ येतो.

प्रतिसाद

एक आठवलं म्हणून. 'कादंबरी' हा शब्दच बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या प्रेमकथेच्या नायिकेचं नाव आहे. आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या दुःखाची आणि ख्रिस्ती विश्वासाची गोष्ट आहे. तेव्हा हा प्रकार मराठीला परका आहे असं कोणी म्हणू नये.

प्रतिसाद

सगळे 'प्रणय' टाळत आहेत, म्हणून मी त्याची बाजू घेतो. आज प्रणय म्हटलं की शृंगारच डोळ्यांपुढे येतो, पण ते अर्थाचं आकुंचन आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या नानार्थवर्गात 'प्रणय' या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत: विश्रंभ, याच्ञा आणि प्रेम. विश्रंभ म्हणजे विश्वास, मोकळेपणानं टाकलेला भार. याच्ञा म्हणजे मागणं. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन कृष्णाची क्षमा मागतो की तुझा महिमा न ओळखता 'प्रमादात् प्रणयेन वा' मी तुला सखा म्हणून हाका मारल्या. तिथे शृंगाराचा संबंधच नाही, सलगी आहे.

विश्वास, मागणं आणि प्रेम. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये वर्णन केलेली कादंबरी याच तीन शब्दांत मावते. दुसरा शब्द कशाला शोधता?

धागाकर्ती

मी हे तीन अर्थ वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. याच्ञा म्हणजे मागणं, आणि आपण प्रार्थनेलाही 'देवाकडे मागणं'च म्हणतो. मी ज्या शब्दाला लाजून बाजूला ठेवलं होतं त्याच्या पोटात प्रार्थना होती.

नुसतं 'प्रणयकथा' लिहिलं तर आजच्या वाचकाचा गैरसमज होईल, म्हणून 'विश्वासाची प्रणयकथा' असं लिहायचं ठरवलं. संध्याकाळी वही घेऊन जुन्या नोंदी बदलायला बसले. एकवीस होत्या. सतरा ठिकाणी नवं नाव नीट बसलं. चार पुस्तकांपाशी हात थांबला. त्यांत देवाचं नाव जागोजागी येतं, चर्च येतं, वचनंही येतात, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत कोणी कोणाकडे काही मागत नाही. त्या चारांपुढे नुसतं 'प्रेमकथा' लिहिलं.